दोन हिरव्या रेघांचा बोया

८ नोव्हेंबर, शनिवार

दिशाची ताकीद आहे की या वेळी वही नीट ठेवायची. औषध कधी दिलं, काय खाल्लं, शी-शू झाली का, सगळं. दिशा पालघरला असते. जखमी कुत्री लोकांच्या घरी बरी होईपर्यंत ठेवायचं काम तीच बघते आणि शिस्तीला फार कडक आहे. मागच्या पिल्लाच्या वेळी मी सगळं डोक्यात ठेवलं होतं आणि जंताचं औषध दोनदा दिलं. म्हणून ही वही.

काल संध्याकाळी नवापूरच्या रस्त्याला टेम्पोने उडवलेली एक कुत्री गटाराच्या कडेला पडलेली दिसली. तांबूस रंग, पोट पांढरं, वय तीन-चार वर्षं. नवरा, नीलेश, कंपनीतली पहिली पाळी करून घरी येऊन झोपला होता, त्याला तसाच उठवला आणि रिक्षाने पालघरला डॉक्टर अनुजकडे नेली. मागचा उजवा पाय मोडलाय. प्लास्टर, सहा आठवडे.

गळ्यात नायलॉनची दोरी आणि तिला अंड्याएवढा नारिंगी बोया, मासेमारीच्या जाळ्याला लावतात तसला. बोयावर हिरव्या रंगाच्या दोन रेघा. एखाद्या मुक्या जनावराच्या गळ्यात असलं लोढणं बांधणारा माणूस कसला असेल. मी तिथेच कात्रीने दोरी कापली. डॉक्टर म्हणाले, मानेवर घासल्याची खूण नाही, अंगाने भरलेली आहे, कुणाची तरी असेल, चौकशी करा. मी म्हटलं, कुणाची असली तरी आता नाही.

दोरी कापण्याआधी काढलेला फोटो बोईसरकरांच्या ग्रुपवर टाकला. सकाळपर्यंत साठ जणांनी लिहिलं. बांधणाऱ्याला फासावर द्या, त्याच्याच गळ्यात बांधा, वगैरे. दोरी पुरावा म्हणून कपाटाच्या खणात ठेवली आहे.

नाव जाई ठेवलं. नीलेश म्हणाला, घरात माणसं दोन, कुत्री तीन होती, आता बहुमत पक्कं झालं.

औषध: दोन्ही वेळा. जेवण: नाही. शी: नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

तीन दिवस उपाशी होती. आज मऊ भात हाताने कुस्करला, पहिला घास तिच्या नाकाला लावला आणि मग जिभेवर ठेवला. खाल्ला. मग सगळी वाटी खाल्ली, पण एकेक घास असाच, नाकाला लावून. नाकाला लावला नाही तर तोंड फिरवते. मी अर्धा तास ओट्यावर मांडी घालून बसले होते, पायाला मुंग्या आल्या, पण इतकं समाधान बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

आमचा ढब्बू रुसलाय. नऊ वर्षांचा घोडा, माझ्याकडे पाठ करून बसतो. राणीला डोळ्यांनी दिसत नाही, तिला काही फरक पडत नाही, आणि बटाटाला कशानेच फरक पडत नाही. ढब्बूला जवळ घेऊन समजावलं की माया वाटून दिली म्हणून कमी होत नसते. नीलेशलाही तेच सांगितलं. मत्सर जनावरालाही असतो, आपण मोठ्या मनाने समजून घ्यायचं.

औषध: दोन्ही वेळा. जेवण: एक वाटी. शी: झाली. देवाची कृपा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सोजराबाई आली. ही नवापूरची मासेवाली. पूर्वी आमच्या सालवडच्या गल्लीत डोक्यावर पाटी घेऊन यायची, बुधवार, शुक्रवार, रविवार. दोन वर्षांपूर्वी गुडघे गेले तशी ती फक्त बोईसरच्या बाजारात बसते. आज अचानक दारात उभी. म्हटलं, मावशी, गुडघे बरे झाले वाटतं. म्हणाली, गुडघे कसले बरे व्हतात.

जाई ओट्यावर लोखंडी जाळीच्या दाराआत झोपली होती. सोजराबाईने पाटी खाली ठेवली मात्र, ही प्लास्टरचा पाय फरफटत जाळीपाशी गेली. आणि रडायला लागली. सात दिवसांत माझ्यासाठी शेपटी हललेली नाही आणि मासेवालीसाठी गळा काढते. सोजराबाईने जाळीतून हात घातला, तो हिने कोपरापर्यंत चाटला. ऊन डोळ्यांवर येत होतं बहुतेक, बाई पदराने डोळे पुसत होती. मग विचारलं, "पाय बरा व्हयल ना?" मी म्हटलं, होईल, माझ्याकडे आहे ना ती.

मांदेली घेतली. कुत्र्यांसाठी म्हणून माशांची डोकी तिने तशीच दिली, नको नको म्हणत असताना.

माशाचा वास येणारा हात कुठल्याही कुत्र्याला आवडतो. यात विशेष काही नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

शुक्रवारपासून मार्गशीर्ष लागला. आमच्या गल्लीत मार्गशीर्षात घराघरांत मासे बंद असतात, हे सोजराबाईला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी आज आली. शुक्रवारीही आली होती. पाटीत मूठभर कोलंबी, तीही विकायला आणल्यासारखी वाटेना. शेजारच्या हेमालीने दारातूनच हात हलवून नाही म्हटलं, तर बाईने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ आमच्या पायरीवर बसली आणि जाळीतून हात घालून अर्धा तास जाईचा कान चोळत राहिली.

अर्धा तास. मला घरात कामं असतात म्हणून मी बसू शकत नाही. नाहीतर मीही कान चोळला असता.

औषध: सकाळचं दिलं. संध्याकाळचं नीलेशने दिलं म्हणतो.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज एक प्रयोग केला. हे कुणी वाचू नये. घरात मासे आणता येत नाहीत, म्हणून भरणीतला सुका जवळा काढून दोन्ही हातांना चोळला, कोपरापर्यंत, आणि जाईपुढे जाऊन बसले. तिने हुंगलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि डोळे मिटून झोपली. ढब्बूने मात्र दोन्ही हात चाटून साफ केले. नीलेश दारात उभा राहून बघत होता. तीनदा साबण लावला तरी वास गेला नाही, आणि उद्या गुरुवारची पूजा मांडायची आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार

सोजराबाई आता मला सल्लेही द्यायला लागली. कोरडा भात नको घालू, सुकटीचं पाणी घाल. डाव्या कुशीवर झोपव, उजव्यावर तिला झोप लागत नाय. ढगांचा आवाज झाला तर पाठीवर गोणपाट टाक. मी विचारलं, मावशी, तुम्हाला एवढं कुत्र्यांचं कसं कळतं. म्हणाली, "आमच्या वाड्यात कुत्री हायत ना बाय."

मी सोळा कुत्री बरी करून लोकांना दिली आहेत. सोळा. मला कुणी कुशी शिकवायची गरज नाही. तरी दुपारी डाव्या कुशीवर झोपवून बघितलं. झोपली. योगायोग.

बाईच्या पाटीवर जे प्लास्टिक झाकलेलं असतं, त्याच्या दोरीलाही एक नारिंगी बोया आहे, हिरव्या दोन रेघांचा. मासेवाल्यांकडे असतातच असले बोये. किनाऱ्यावर पोत्याने पडलेले असतात.

१० डिसेंबर, बुधवार

जाई आता वार ओळखते. सोमवारी-मंगळवारी माझ्या पायाशी असते, भात खाते, पोट खाजवून घेते, सगळं माझं. बुधवार उजाडला की सकाळी नऊपासून जाळीला नाक लावून बसते. मी हाक मारली तर कान हलतो, मान वळत नाही.

मी ठरवलंय. बुधवार, शुक्रवार, रविवार साडेनऊला तिला मागच्या खोलीत न्यायची आणि दार लावायचं. प्लास्टरच्या पायाने सारखी उठबस बरी नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलेलं नाही, पण विचारलं असतं तर सांगितलं असतं. सोजराबाईला सांगितलं, झोपली आहे. तिने डोकी दिली आणि गेली. शुक्रवारी पुन्हा तेच सांगेन.

२० डिसेंबर, शनिवार

प्लास्टर काढलं. पाय थोडा बारीक झालाय, पण टेकवते. डॉक्टर अनुज खूश. दवाखान्यातून निघताना त्यांनी पुन्हा विचारलं, मालकाचा पत्ता लागला का. मी म्हटलं, तो कशाला येतोय आता.

दिशाचा फोन. पालघरचं एक कुटुंब जाईला न्यायला तयार आहे, गच्ची आहे, माणसं प्रेमळ आहेत. मी सांगितलं, जाई कुठे जाणार नाही, ती माझ्याकडेच राहील, कायमची. दिशा म्हणाली, सपनाताई, तुम्हीच म्हणता की बरं केलेलं सोडता आलं पाहिजे. तेव्हा म्हटलं होतं, आता नाही म्हणत.

नीलेशने तीन कुत्री काय नि चार काय म्हणत होकार दिला. पण जेवताना बोलला, "ती आपल्याकडे बघते तरी का गं? दाराकडेच बघत असते." मी त्याला आमटी वाढलीच नाही. त्याने स्वतः घेतली.

२४ डिसेंबर, बुधवार

जे झालं ते लिहिते.

सोजराबाई आली तेव्हा जाई मागच्या खोलीत होती. मी जाळी न उघडताच सांगितलं की जाईला पालघरच्या लोकांनी नेलं. चांगली माणसं आहेत, गच्ची आहे. हे मी पाठ केलेलं नव्हतं. ओठांवर आपोआप आलं.

बाई पायरीवर बसली. बराच वेळ पाटीवरची दोरी बोटाला गुंडाळत होती. मग म्हणाली, "पाय टेकते का?" म्हटलं, टेकते. "गच्चीवरनं समुद्र दिसतो का त्यांच्या?" असला कसला प्रश्न. म्हटलं, मला माहीत नाही.

तेवढ्यात आतून जाईने दार खरवडायला सुरुवात केली. मग ओरडली. तो भुंकण्याचा आवाज नव्हता, लांबलचक काहीतरी होतं, कधी ऐकलं नव्हतं. ढब्बूही भुंकायला लागला. मी ढब्बूला मोठ्याने गप्प केलं. सोजराबाईने मान वर केली, दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. केळीच्या पानात बांधलेली डोकी पायरीवर ठेवली. म्हणाली, ढब्बूला घाल. गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि गेली.

तिला ऐकू आलं नसेल. ढब्बू केवढ्याने भुंकत होता.

३१ डिसेंबर, बुधवार

मार्गशीर्ष संपून दहा-बारा दिवस झाले. अख्खी गल्ली मासे खाते आहे आणि सोजराबाई आली नाही. शुक्रवारी नाही, रविवारी नाही, आज नाही. बरंच झालं. जाळी उघडी ठेवता येते. जाई दिवसभर तिथेच असते. माझी कुत्री, माझा ओटा, कुणाचं काही ऐकायला नको.

जेवण: अर्धी वाटी. नाकाला लावूनही.

७ जानेवारी, बुधवार

वही नीट लिहिली नाही. लिहिण्यासारखं एकच आहे, जाई जेवत नाही. भात, चिकन, अंडं, सुकटीचं पाणी, सगळं झालं. डॉक्टर म्हणतात पाय उत्तम, रक्त उत्तम.

आज बोईसरच्या बाजारात गेले. सोजराबाईच्या जागेवर तिची सून हिरा बसली होती. पाटीच्या दोरीला तोच बोया. मी विचारलं, या रेघा कसल्या गं. हिरा मासे साफ करता करता म्हणाली, आमच्या घराची खूण. प्रत्येक घराची वेगळी असते, कुणाच्या तीन निळ्या, कुणाचा पांढरा ठिपका. जाळं तुटून वाहून गेलं तर ज्याला सापडेल तो बोया बघतो नि घरी आणून देतो.

मी म्हटलं, कुत्र्याच्या गळ्यातही बांधता का. हिराचा हात थांबला. मग म्हणाली, "आमची निवटी होडीमागं पोहत जाते. आयनं बांधलाय. कोनच्या बी बंदराला लागली तरी लोकं आमच्याकडं आनून देतात. तीनदा दिलीय."

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारी मासळी. लहानपणी अशीच उड्या मारायची म्हणून ते नाव.

मी विचारलं, सोजरामावशी कुठे आहेत. म्हणाली, घरी आहे, बाजारात येत नाही, गुडघे दुखतात म्हणते. मी कोलंबी घेतली की नाही आठवत नाही. घरी आले तेव्हा पिशवी हातात नव्हती.

मला पाच डिसेंबरलाच कळलं होतं. मागची पानं वाचली. चौदा नोव्हेंबरलाच कळलं होतं.

९ जानेवारी, शुक्रवार

नाही देणार.

कोण धावलं गटारात? कोणी मांडी घालून घास भरवले? ती बाई हात घालून कान चोळत होती, त्याआधी सात दिवस मी हिचं सगळं पुसलं आहे. खूण बांधली म्हणून काय झालं, कुत्री म्हणजे जाळं आहे का वाहून गेलेलं, सापडलं की परत करायला?

हे सगळं नीलेशला ऐकवलं. त्याने शांतपणे विचारलं, "तुला कुत्री पाहिजे, की ती बाई हरायला पाहिजे?"

उत्तर त्याला माहीत असेल तर त्यानेच द्यावं.

११ जानेवारी, रविवार

आज जाईला घेऊन नवापूरला गेले. रिक्षात ती माझ्या मांडीवर होती, नवापूरचा रस्ता लागेपर्यंत. मग उभी राहिली आणि खाली बसेचना.

किनाऱ्यावर बांबू आडवे बांधून केलेल्या वलांड्यांवर बोंबील सुकत घातले होते, तोंडात तोंड अडकवून, रांगाच्या रांगा. त्याखाली सोजराबाई बसली होती, कावळ्यांना हाकायला हातात काठी. तिने निवटी म्हणून हाक मारली नाही की काही नाही. नुसती काठी बाजूला ठेवली. जाई उडी मारून गेली, तिच्या मांडीत शिरली, तिचं तोंड, कान, हात चाटले, आणि मग एकदम उठून वलांड्यांखालून कावळ्यांवर भुंकत धावत सुटली. थोडी लंगडत होती. तिचं ते रोजचं कामच दिसत होतं. माझ्या घरी मी तिला दोन महिने झोपवून ठेवलं होतं.

मी कापलेली दोरी पर्समधून काढून पुढे केली. म्हटलं, मावशी, पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंत तुमची आहे म्हणून?

"हिराच्या फोनमंदी बगितलं ना. लोकांनी लिवलं होतं, जिनं बांधलं तिला फास द्या. साठ लोकांनी लिवलं होतं. मंग कशी सांगू, मीच ती."

मी तिच्या शेजारी बसले. तिथे वाळूतच. मग विचारलं, त्या दिवशी मी खोटं बोलले, आतून आवाज आला, तेव्हा तरी का नाही बोललात?

ती दोरीचा तुटका भाग चाचपत होती. म्हणाली, "तू तिला कोंडलीस, तवा मला बरं वाटलं. मनात आलं, हिला बी सोडवत नाय. म्हंजे उपाशी नाय ठेवनार."

मी रडले. ती नाही रडली. तिने जाळ्याची गाठ कशी मारतात ते दाखवलं आणि म्हणाली, कापलीस तू, तर बांध बी तूच. मला चारदा जमली नाही. पाचव्यांदा जमली. निवटी स्थिर उभी होती, तिला सवय आहे. मी बोटं घालून दोनदा बघितलं, दोरी सैल आहे, पूर्वीही सैलच होती.

निघताना मी हाक मारली. कोणत्या नावाने मारावी ते कळेना, म्हणून जाई म्हटलं. कान हलला. मान वळली नाही.

घरी येऊन ग्रुपवर सगळं खरं लिहिलं, ती दोरी काय होती, मी काय समजले, बाईंचं नाव न घेता. साठांपैकी चार जणांनी उत्तर दिलं. त्यातल्या एकाने अंगठा पाठवला.

१८ जानेवारी, रविवार

ढब्बू पुन्हा पायाशी झोपायला लागलाय. मी त्याला सांगितलं होतं की माया कमी होत नाही. पण ढब्बूचंच खरं निघालं, वाटली की कमी होते. मी त्याला दोन महिने नीट बघितलंच नव्हतं.

दिशा विचारते, एक पांगळं पिल्लू आहे, पाठवू का. म्हटलं थांब जरा.

नवापूरला आज जाणार होते, गेले नाही. ती आनंदात असेल. आनंदात असलेली बघवणार नाही. खरं ते लिहिलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

आज सकाळी दारात सोजराबाई. पाटी नाही, काठी टेकत आलेली, चेहरा तापलेला. बसा म्हटलं तर बसली नाही. उभ्यानेच विचारलं, "काय खायला घालत व्हतीस माझ्या कुत्रीला?"

मी म्हटलं, का हो मावशी.

मग सगळं बाहेर पडलं. डोकी टाकली तर हुंगते नि निघून जाते. भात दिला तर भांड्याकडे बघते आणि मग सोजराबाईकडे बघते, जणू काही विसरलीय बाई. सकाळचं काम बरोबर करते, कावळे हाकते, आणि दहा वाजले की बोईसरच्या रिक्षा थांबतात तिथे जाऊन बसते. प्रत्येक रिक्षा थांबली की उठते. माणसं उतरली की पुन्हा बसते. "इतकी वर्सं माझ्या हातनं खाल्लं," सोजराबाई म्हणाली, "आता मी तिची कोन नाय."

मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ते तोंड मी ओळखलं. नोव्हेंबरपासून रोज वेणी घालताना आरशात बघत होते. मला फार वाईट वाटायला हवं होतं. मी चेहरा तसा केलाही. पाणी दिलं, चहा दिला, गुडघ्याला लावायला तेल दिलं. म्हटलं, मावशी, होईल सगळं ठीक, रविवारी मी येते, बघते काय ते. तिने माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं. जाताना म्हणाली, लवकर ये. दहाच्या रिक्षानं ये.

भात कुस्करायचा, पहिला घास नाकाला लावायचा आणि मग जिभेवर ठेवायचा. एवढंच आहे. सांगायला मिनिटही लागलं नसतं, ती पायरीवर उभी होती तेव्हा. ओठांवर आलं होतं.

रविवारी सांगेन. नक्की सांगेन. रविवारला अजून चार दिवस आहेत.

जेवण: ढब्बू पूर्ण. राणी पूर्ण. बटाटा पूर्ण, आणि राणीचं उरलेलं. मी दोन्ही वेळा पोटभर जेवले, नीलेशने विचारलंसुद्धा, आज काय विशेष.